शिशुवर्गातला पडदा आणि ताईंची तयारी

पुण्यातल्या सिंहगड रस्त्यावरच्या एका मराठी माध्यमाच्या बालवाडीच्या मुख्याध्यापिकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या संस्थेने गेल्या दिवाळीच्या सुट्टीत एका स्वतंत्र खोलीत मोठे इंटरॅक्टिव्ह पॅनेल, म्हणजे बोटाने स्पर्श करून चालवायचा पडदा, बसवले. खेळगटापासून मोठ्या शिशुगटापर्यंत 11 ताई आहेत आणि त्यांची वये 24 पासून 56 पर्यंत आहेत. पॅनेल विकणाऱ्या कंपनीच्या माणसाने दोन दिवस प्रशिक्षण दिले. त्याला आता सहा महिने होत आले; तिघी ताई त्यावर बडबडगीते लावतात आणि उरलेल्या आठ जणी त्या खोलीकडे फिरकत नाहीत. डिजिटल तंत्रज्ञान वर्गात वापरण्याची ताईंची तयारी मोजायची कशी आणि जूनपर्यंत ती वाढवायची कशी, असे त्यांनी विचारले आहे.

सुरुवातीची नऊ वर्षे मी स्वतः मोठ्या गटाला शिकवत होते आणि त्यानंतरची अठरा वर्षे पुणे शहरात आणि आसपासच्या तालुक्यांत बालवाडी शिक्षिकांच्या प्रशिक्षणाचे काम करते आहे. त्या अनुभवावरून आधीच सांगते, की तुमच्या आठ ताई पॅनेल टाळतात एवढ्यावरून त्यांची तयारी नाही असे मी म्हणणार नाही, आणि तिघी रोज बडबडगीते लावतात म्हणून त्या तयार आहेत असेही म्हणणार नाही. पॅनेल सुरू करता येणे ही गोष्ट अर्ध्या दुपारात शिकता येते. कोणत्या कामासाठी ते सुरू करायचे, कधी बंद करायचे आणि बंद केल्यावर मुलांच्या हातात काय द्यायचे, याचा निर्णय ताईला स्वतःला घेता येतो का, हे मी पाहते.

मोजण्याविषयी माझी स्वतःची एक चूक सांगते. काही वर्षांपूर्वी एका प्रशिक्षणाच्या आधी मी 40 शिक्षिकांना प्रश्नावली दिली होती. ‘मला तंत्रज्ञानाचा वापर आवडतो’, ‘मला त्याचा आत्मविश्वास वाटतो’ अशी विधाने आणि समोर ‘पूर्ण सहमत’पासून ‘पूर्ण असहमत’पर्यंत पाच चौकटी, असे तिचे ठरावीक स्वरूप होते. संस्थाचालक त्याच खोलीत खुर्ची टाकून बसले होते. जवळजवळ सगळ्यांनी ‘सहमत’वर खूण केली आणि मी तो कागद खरा मानून पुढचे सगळे प्रशिक्षण वरच्या पातळीवरून आखले. पहिल्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत एक ताई हळूच म्हणाली, “मॅडम, आवाज कमी कुठून करायचा तेवढं एकदा दाखवाल का? सगळ्यांसमोर विचारायला कसंतरी वाटतं.” बालवाडीच्या ताईची नोकरी बहुतेक ठिकाणी कायमची नसते, पगार तुटपुंजा असतो आणि आपल्याला जमत नाही असे लिहून देणे तिला परवडणारे नसते. त्यामुळे तुम्ही प्रश्नावली देणार असाल तर ती नाव न लिहिता भरून घ्या, आणि ‘वाटते का’ असे विचारण्यापेक्षा ‘गेल्या महिन्यात असे तुम्ही किती वेळा केले आणि त्यात काय अडले’ असे विचारा. एवढे करूनही तिच्यावर फार विसंबू नका. वर्गात जाऊन मागच्या बाजूला अर्धा तास बसण्याला पर्याय नाही.

मी बसते तेव्हा काय पाहते ते एका वर्गावरून सांगते. हडपसर भागातल्या एका बालवाडीत छोट्या गटाला पावसाची चित्रफीत दाखवणे चालू होते. ताई तरुण होत्या, मोबाइल हाताळण्यात तरबेज होत्या आणि त्यांनी चित्रफीतही चांगली निवडली होती. मध्येच इंटरनेट अडकले आणि पडद्यावर ते गोल चक्र फिरू लागले. ताईंनी मुलांकडे पाठ केली, एकदा रिमोट दाबला, मग मोबाइलवरून जोडून पाहिले, मग मावशींना राउटर बंद करून चालू करायला सांगितले. या सगळ्यात साडेचार मिनिटे गेली. तेवढ्या वेळात पुढच्या रांगेतल्या एका मुलाने पडद्यावरच्या चक्राकडे बोट दाखवून “बाई, भिंगरी!” असे म्हटले, दुसरा उठून स्वतःभोवती गिरक्या घेऊ लागला आणि बघता बघता अर्धा वर्ग भिंगरी झाला. ताईंनी वळून सगळ्यांना “हाताची घडी, तोंडावर बोट” करून खाली बसवले, कारण चित्रफीत पुन्हा सुरू झाली होती. त्या सकाळी वर्गात जे शिकणे आपणहून घडले होते ते पडद्यासाठी थांबवले गेले. ही ताई यंत्र हाताळायला पूर्ण तयार होती. त्या भिंगरीला मात्र ती तयार नव्हती.

म्हणून माझ्या निरीक्षणाच्या वहीत तीनच रकाने असतात. पडदा चालू असताना ताईचे तोंड कोणाकडे आहे, बोलते कोण आहे आणि पडदा बंद झाल्यानंतरच्या पहिल्या मिनिटात मुले काय करतात. तिसरा रकाना सर्वांत जास्त सांगून जातो. मुले जर ‘अजून लावा, अजून लावा’ एवढेच म्हणत असतील तर तो वेळ करमणुकीत गेला. ती उठून काही करू लागली, ताईला काही सांगू लागली किंवा पाहिलेल्या गोष्टीचे सोंग काढू लागली, तर ताईने पडद्याचे काम करून घेतले असे समजावे.

शिक्षणशास्त्रात याला एक चौकट आहे. पुण्य मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर यांनी 2006 मध्ये मांडणी केली, की शिक्षकाला विषयाचे ज्ञान, शिकवण्याच्या पद्धतीचे ज्ञान आणि तंत्रज्ञानाचे ज्ञान असे तिन्ही हवे, आणि ही तिन्ही ज्ञाने एकमेकांत मिसळतात तिथे खरा कस लागतो. ही मांडणी बालवाडीला लावताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. आपल्याकडे भूगोल किंवा बीजगणित असा विषय नाही; मुलाचा हात, जीभ, कान, तोल, शेजारच्याशी जमवून घेणे, हाच आपला विषय आहे. त्यामुळे मुलाच्या वाढीची जाण कच्ची असलेल्या ताईला तंत्रज्ञान शिकवले, तर ती चुकीची गोष्ट अधिक सफाईने करू लागते. मणी ओवण्याच्या वयात पडद्यावर मणी ओढायला लावणे हे त्याचे नेहमीचे उदाहरण.

आता त्या आठ ताईंकडे येते. टाळणाऱ्या शिक्षिकेला ‘जुन्या वळणाची’ म्हणून मोकळे होण्याची आपल्या संस्थांना सवय आहे. मी अशा ताईंशी बोलते तेव्हा त्यांच्यापैकी निम्म्या तरी अगदी रास्त कारण देतात: “घरी जेवताना मोबाइल, झोपताना मोबाइल; इथे तरी नको.” जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल 2019 मध्ये पाच वर्षांखालील मुलांसाठी दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत एका वर्षाच्या बाळाला पडदा मुळीच नको आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसभरात एका तासाहून अधिक नको, त्याहून कमी असेल तर उत्तमच, असे म्हटले आहे. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची शिफारसही याच धाटणीची आहे. करोनाकाळात, जुलै 2020 मध्ये, केंद्र सरकारने काढलेल्या ‘प्रज्ञाता’ या सूचनांनीही पूर्वप्राथमिकसाठी ठरलेल्या दिवशी जास्तीत जास्त 30 मिनिटे ठेवली होती, आणि तीदेखील पालकांशी बोलून त्यांना मार्गदर्शन करण्यासाठी. तेव्हा तुमच्या ताईंचा संकोच शास्त्राला धरूनच आहे. त्या घरी मिळणाऱ्या पडद्याचा हिशेब मनात धरून बोलत असतात, जो संस्थेने पॅनेल घेताना बहुधा धरलेला नसतो.

संशोधनाचा एक दाखला मी प्रत्येक प्रशिक्षणात देते. पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 मध्ये अमेरिकेतल्या नऊ महिन्यांच्या बाळांना चिनी भाषेतले ध्वनी ऐकवले. एका गटासमोर चिनी बोलणारी व्यक्ती प्रत्यक्ष बसून खेळत, बोलत होती. दुसऱ्या गटाने तेच बोलणे पडद्यावर पाहिले किंवा नुसते ऐकले. पहिल्या गटातली बाळे ते ध्वनी ओळखायला शिकली, दुसऱ्या गटातली शिकली नाहीत. हा प्रयोग तान्ह्या बाळांवरचा आहे आणि चार वर्षांच्या मुलाला तो जसाच्या तसा लावणे बरोबर नाही, हेही मी लगेच सांगते. चार वर्षांचे मूल चांगल्या चित्रफितीतून शब्द उचलते, विशेषतः शेजारी बसलेले मोठे माणूस थांबून थांबून बोलत असेल तर. पण भाषा मुलाला माणसाकडून मिळते आणि यंत्राने त्या माणसाला बाजूला सारायचे नसते, एवढे त्यातून ताईंच्या मनात पक्के बसते.

मग वापर कशासाठी करायचा? मी पाहिलेल्या सर्वांत चांगल्या दोन वापरांत पॅनेलचा संबंधच नव्हता.

पहिला धायरीजवळच्या एका बालवाडीतला. ताई 54 वर्षांच्या होत्या आणि व्हॉट्सअ‍ॅपपलीकडे त्यांना मोबाइलमधले काही येत नाही असे त्या स्वतःच सांगत. त्यांच्या वर्गात बांधकामावर काम करणाऱ्यांची पाच-सहा मुले होती. कोणी घरी कन्नड बोलणारे, कोणी गोरमाटी ही बंजारा समाजाची बोली. ही मुले वर्गात महिनामहिना तोंड उघडत नसत. ताईंनी एका मुलीच्या आईला फाटकापाशी थांबवून ‘पाणी’, ‘भाकरी’, ‘ये’, ‘बस’, ‘दुखतंय का’ हे शब्द तिच्या भाषेत फोनवर बोलून घेतले. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना गोलात बसवून ते ऐकवले. ती मुलगी आईचा आवाज ऐकून आधी दाराकडे धावली, मग परत आली, फोनला कान लावून बसली आणि पुढचा शब्द, फोनच्या आधी, स्वतः मोठ्याने म्हणाली. वर्गातल्या इतर मुलांनी तो शब्द तिच्या मागून म्हटला आणि तिने एकाचा उच्चार दुरुस्तही केला. या ताईंनी पुढे एक नेम धरला: दर शुक्रवारी एका मुलाने गोष्ट सांगायची, ती फोनवर घ्यायची आणि सोमवारी सगळ्यांनी ऐकायची. स्वतःचा आवाज पहिल्यांदा ऐकून एक मुलगा ठामपणे म्हणाला, “हा मी नाहीये. हा दुसरा कोणीतरी आहे, त्याला माझी गोष्ट येते.” ताईंनी तारखेनिशी जपून ठेवलेली ती ध्वनिमुद्रणे जून आणि फेब्रुवारीची एकापाठोपाठ ऐकली, तर मुलाची वाक्ये कशी लांबत गेली हे कोणत्याही प्रगतिपुस्तकापेक्षा स्वच्छ कळते.

दुसरा वापर मटकीचा. भिजवलेली मटकी ओल्या फडक्यात बांधून ठेवायची, रोज सकाळी ठरलेल्या वेळी फडके सोडायचे आणि ताटलीचा त्याच जागेवरून एक फोटो घ्यायचा. चार दिवसांनी ते फोटो झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणून मुलांसमोर उलटसुलट टाकायचे आणि क्रमाने लावायला सांगायचे. मोड हळूहळू येतो; मुलाला कालची मटकी आठवत नाही आणि आजची पाहताना तिच्यातला बदल दिसत नाही. इथे कॅमेरा मुलाच्या स्मरणाला हातभार लावतो. मटकी मात्र खरी आहे, ओली आहे, तिला वास आहे, आणि शेवटच्या दिवशी लिंबू पिळून ती खाल्लीही जाते.

तिसऱ्या एका प्रकाराकडे संस्थाचालक लक्षच देत नाहीत, कारण तो पाहुण्यांना दाखवता येत नाही. पुण्यातल्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या आवारातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अनेक वर्षे काम केलेले अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करण्याच्या कृती आणि चित्रफिती सर्वांसाठी मोफत खुल्या केल्या आहेत. ताईने रात्री घरी ती चित्रफीत पाहावी, स्वतः खेळणे करून पाहावे आणि सकाळी मुलाच्या हातात खेळणे द्यावे; चित्रफीत मुलाला दाखवण्याची गरजच नाही. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’ या मोफत गोष्टींच्या संकेतस्थळावरच्या मराठी गोष्टींचेही तसेच. गोष्ट आधी वाचून, पात्रांचे आवाज ठरवून, मग पुस्तकासारखी हातात छापील पाने घेऊन सांगता येते. मुलाला पडदा न दाखवता वर्ग समृद्ध करणारे तंत्रज्ञान बालवाडीला सर्वाधिक मानवते, असे माझे मत आहे, आणि पॅनेल विकणाऱ्यांना ते आवडणारे नाही.

अडथळ्यांविषयी. पेगी अर्टमर या अभ्यासिकेने 1999 मध्ये ते दोन थरांत मांडले होते: साधने, वेळ, प्रशिक्षण, तांत्रिक मदत यांची वाण हा बाहेरचा थर, आणि शिकवण्याविषयीच्या धारणा व सवयी हा आतला. आपल्या बालवाड्यांत या दोहोंच्या मध्ये आणखी एक थर मला दिसतो, तो धाकाचा. लाखाच्या घरातली वस्तू आहे, बिघडली तर कोण भरून देणार? एका संस्थेत मी प्रशिक्षणात वापरलेल्या सगळ्या सीडी आणि ध्वनिवर्धक वर्षभर कपाटात कुलूपबंद होते आणि किल्ली कार्यालयात होती. ताईला किल्ली मागताना वहीत सही करावी लागे. तिसऱ्या सहीनंतर कोणीच मागितली नाही. तुमच्या पॅनेलच्या खोलीची किल्ली कोणाकडे असते, हे आधी पाहा. तंत्रज्ञान हाताळणाऱ्या बाईला विचारात न घेता ते वरून दिले की काय होते हे 2021 मध्ये राज्यातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारी मोबाइल परत करून दाखवून दिले आहे. फोनची क्षमता अपुरी होती आणि माहिती भरायचे अ‍ॅप इंग्रजीत होते. त्यांच्यावर ‘तयारी नाही’ असा शिक्का मारणे सोपे होते, पण ती तक्रार साधनाविषयीची होती.

बाहेरच्या थरातल्या गोष्टी तुमच्या हातातल्या आहेत, त्यामुळे त्यांवर जास्त लिहीत नाही. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते हे पुण्यात राहणाऱ्याला सांगायला नको. तेव्हा त्या दिवसाच्या नियोजनात पॅनेल ठेवू नये. चित्रफिती आधी उतरवून ठेवाव्यात. तपकीर गल्लीत मिळणारा बॅटरीवरचा लहानसा स्पीकर प्रत्येक वर्गाला एकेक घेतला, तर तो पॅनेलपेक्षा जास्त वापरला जाईल अशी माझी खात्री आहे.

व्हॉट्सअ‍ॅपवरच्या फोटोंचा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण तो याच विषयाचा भाग आहे. पालकांच्या गटावर रोज फोटो टाकायचा दंडक अनेक बालवाड्यांत आहे आणि ताईचा पुष्कळसा ‘डिजिटल’ वेळ त्यातच जातो. मुलाने कॅमेऱ्याकडे पाहावे म्हणून त्याचे काम थांबवले जाते. शिवाय 2023 च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्यात मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या पडताळता येण्याजोग्या संमतीची तरतूद आहे, हे लक्षात घेऊन प्रवेशाच्या वेळीच लेखी संमती घ्यावी. रोजचा फोटो बंद करून आठवड्याला एक फोटो आणि त्याखाली ताईने लिहिलेल्या निरीक्षणाच्या दोन ओळी असा पायंडा पाडला, तर पालकांनाही त्यातून काही कळेल.

जूनपर्यंतच्या प्रशिक्षणाचे म्हणाल तर दुसरे दोन दिवसीय शिबिर घेऊ नका. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये बारावी झालेल्या अंगणवाडी सेविकांसाठी सहा महिन्यांचा आणि त्याहून कमी शिकलेल्यांसाठी वर्षाचा अभ्यासक्रम डीटीएच वाहिन्या आणि स्मार्टफोनमधून सुचवला आहे; तरी सततच्या मूल्यमापनासाठी महिन्यातून किमान एकदा प्रत्यक्ष वर्ग ठेवलाच आहे. मधल्या काळात वर्गात अडलेलेही कोणाला तरी विचारावे लागते. तुमच्याकडे अशी विचारायची जागा तयार करा. 11 ताईंच्या जोड्या करताना एक यंत्रात तरबेज आणि एक मुलांत मुरलेली, अशी सांगड घाला. 24 वर्षांच्या ताईला जे येत नाही ते 56 वर्षांच्या ताईंना येते आणि उलटही तितकेच खरे आहे. विषम संख्येमुळे उरणाऱ्या तिघींचा एक गट करा. पगारी वेळेतला आठवड्याचा एक तास, मुले घरी गेल्यावर, यासाठी राखून ठेवा. त्या तासात जोडीने एकच लहान गोष्ट आखायची, पुढच्या आठवड्यात एकीने करायची, दुसरीने मागे बसून ते तीन रकाने भरायचे. हे जूनपर्यंत संपणारे काम नाही: पहिले दोन महिने फक्त आवाज, म्हणजे ध्वनिमुद्रण आणि ऐकणे, नंतर फोटो, चित्रफीत सर्वांत शेवटी. काही जणी चित्रफितीपर्यंत आल्याच नाहीत तर त्यांना तिथे ओढून नेऊ नका. त्या ताईने ‘माझ्या गटाला याची गरज नाही’ हे कारणासह सांगितले, तर माझ्या वहीत मी तिच्या नावापुढे ‘तयार’ असेच लिहीन.

पॅनेलविषयी शेवटचे एक, कारण तुम्ही पाठवलेल्या वर्णनात त्याची खालची कड जमिनीपासून साडेतीन फुटांवर आहे असे दिसते. चार वर्षांचे मूल साधारण एक मीटर उंच असते. म्हणजे टाचा उंचावून, हात ताणून ते पॅनेलच्या खालच्या पट्टीला जेमतेम शिवू शकेल. बाकीचा पडदा ताईसाठी बसवला गेला आहे आणि मुलांनी तो सतरंजीवरून पाहायचा आहे. ते दोन फूट खाली घ्या आणि भिंतीवरून उतरवले आहे तोवर त्या स्वतंत्र खोलीऐवजी मोठ्या गटाच्या वर्गात बसवता येते का तेही पाहा. हे काम मे महिन्यातच उरकावे. मुले आल्यावर भिंतीला ड्रिल लावता येत नाही.